विरी कळते, चटका कळत नाही

येळवशी म्हणजे वेळा अमावास्येचा रानातला सण. त्यानंतर तिसऱ्या दिवशी बाई दवाखान्यात आल्या. सोबत सासू. औसा तालुक्यातलं कोरडवाहू गाव, वय अडतीस, घरची चार एकर आणि सुगीत दुसऱ्याच्या रानात रोजंदारी. नाव आणि गाव मुद्दामच लिहीत नाही. डाव्या हाताच्या चार बोटांच्या टोकांना पाण्याने भरलेले फोड, त्यातला एक फुटलेला आणि त्यात राख बसलेली. येळवशीला पाहुणे, सालकरी, शेजारपाजार धरून तीस-चाळीस माणसांच्या भाकरी त्यांनी एकटीने थापल्या होत्या. तव्यावरची भाकरी फिरवताना बोटं तव्याला टेकत राहिली. कळलं कधी, असं विचारलं तर म्हणाल्या, "कातडं जळाल्याचा वास आला तवा."

पण फोडांसाठी त्या आल्याच नव्हत्या. सासूने आणलं होतं आणि कारण वेगळं होतं. जावेच्या सव्वा वर्षाच्या लेकराला अंघोळ घालायची होती. बाईंनी पाण्यात हात घालून बघितला, पाणी कोमट वाटलं, तांब्या ओतला आणि लेकरू किंचाळलं. पाठ लालबुंद झाली. फोड आले नाहीत हे नशीब. घरात दोन दिवस भांडण.

"हिनं मुद्दाम केलं न्हाई, हे मला ठावं हाय डाक्टर," सासू म्हणाली. "पर हिच्या हातात काय तरी हाय. गल्लीतल्या बाया रगतपिती मनायल्यात. हिची भांडी येगळी ठिवा मनायल्यात."

रगतपिती म्हणजे महारोग, कुष्ठरोग. बाई काहीच बोलल्या नाहीत. डावा हात पदराखाली धरून बसल्या होत्या.

आता माझी गोष्ट. सहा महिन्यांपूर्वी, मृगाच्या आसपास, याच बाई माझ्याकडे येऊन गेल्या होत्या आणि तो कागद माझ्याच अक्षरात समोर होता. तक्रार : "दोन्ही हात बधिर." तपासणी : "संवेदना शाबूत." उपचार : बी-१२ आणि लोहाच्या गोळ्या. मला आठवलं, त्या वेळी मी त्यांना डोळे मिटायला सांगून कापसाच्या बोळ्याने हाताला दहा ठिकाणी शिवलो होतो. दहाही वेळा त्यांनी बरोबर जागा सांगितली होती. रक्तातली साखर ठीक होती. हात बधिर म्हणणाऱ्या बाईला कापूस अचूक कळतो, म्हणजे अशक्तपणा किंवा मनाचा थकवा, असा हिशेब करून मी मोकळा झालो.

त्या खरं काय म्हणाल्या होत्या ते मी आता पुन्हा विचारलं. "मी बधिर कुठं मनलं? हाताला चटका कळंना, असं मनलं व्हतं." बधिर हा शब्द माझा होता. त्यांनी नेमकं लक्षण सांगितलं आणि मी त्याला आमच्या धंद्यातल्या ढोबळ शब्दात कोंबलं. पुढचं सगळं त्या एका शब्दाने बिघडलं. गावात कुष्ठरोग शोध मोहीम आली तेव्हा आशाताईंनीही अंगावर चट्टा आहे का बघितलं, पेनाचं टोक टेकवलं, बाईंना ते कळलं, नोंद झाली. आशाताईंनी त्यांना शिकवलेलं काम नीट केलं. माझं शिक्षण त्याहून जास्त झालेलं आहे, म्हणून मला ती सबब नाही.

पुन्हा तपासायला बसलो. या वेळी कापूस शेवटी ठेवला.

साधी टाचणी घेतली. टोकाची बाजू आणि बोथट बाजू आलटूनपालटून टेकवायची आणि "टोचलं का नुसतं लागलं?" विचारायचं. डाव्या तळहाताला सगळीकडे उत्तर एकच : "लागलं." टोचलं असं एकदाही नाही. उजव्या हातालाही जवळपास तसंच, फक्त अंगठ्याकडे थोडं कळत होतं. मग दोन काचेच्या नळ्या, एकीत माठातलं पाणी, दुसरीत चहाच्या आधणातलं थोडं निववलेलं. हाताला दोन्ही सारखंच. कुठपर्यंत हे चाललंय ते बघत वर सरकत गेलो : मनगट, कोपर, दंड, खांदा, मानेचा खालचा भाग, छातीचा वरचा पट्टा, पाठीचा तेवढाच भाग. तिथून खाली एकदम सगळं ठीक. पोटाला टाचणी लावली तर बाई दचकल्या, पायाला लावली तर पाय ओढून घेतला. चेहराही ठीक. दोन्ही खांद्यांवरून पदर घेतल्यावर अंगाचा जेवढा भाग झाकतो, तेवढ्याच भागातून वेदना आणि तापमान नाहीसं झालेलं होतं. इंग्रजी पुस्तकांत याला अंगावर घ्यायच्या झुलीची उपमा देतात. आपल्याकडे पदर जास्त चपखल बसतो.

आणि त्याच पदराखालच्या हातांचा स्पर्श? कागदाला लावायची क्लिप उलगडून तिची दोन टोकं तीन मिलिमीटरवर धरली, तर बोटाच्या टोकाला दोन आहेत हे त्यांनी ओळखलं. निरोगी माणसालाही यापेक्षा फार जास्त जमत नाही. डोळे मिटून हातात एक रुपया, दोन रुपये, किल्ली, हरभऱ्याचा दाणा दिला, सगळं ओळखलं. बोट वर केलंय की खाली, तेही बरोबर. सासू मधेच म्हणाली, "पिठाला नुस्ता हात लावून सांगते, जवारी जुनी हाय, इरी गेलीया." विरी म्हणजे पिठाचा तो चिकटपणा, जो असला तरच भाकरी न तुटता थापली जाते. पिठाची विरी ओळखणारा हात आणि तवा न ओळखणारा हात एकच. निदानाची निम्मी वाट सासूच्या या वाक्यात होती.

इथे थोडं आत शिरायला हवं, कारण आपण "त्वचेची संवेदना" असं एकवचनात बोलतो आणि तिथेच फसतो.

कातडीत वेगवेगळ्या कामाची टोकं असतात. हलका दाब, कंप, खरखरीतपणा टिपणाऱ्या टोकांना सूक्ष्म गोंडे किंवा चकत्या असतात आणि त्यांच्यापासून निघणारे तंतू जाड असतात. त्यांच्यावर मायलिन नावाचं चरबीयुक्त वेष्टन असतं, त्यामुळे संदेश सेकंदाला साधारण ३५ ते ७५ मीटर वेगाने धावतो. चटका, टोचणं, गारठा टिपणारी टोकं मात्र उघडी, फांद्यांसारखी पसरलेली असतात आणि त्यांचे तंतू बारीक. त्यातही दोन जाती : पातळ वेष्टनाचे, सेकंदाला ५ ते ३० मीटर नेणारे, आणि बिनवेष्टनाचे, जेमतेम अर्धा ते दोन मीटर नेणारे. म्हणजे हाताचा स्पर्श मानेपर्यंत डोळ्याचं पातं लवायच्या आत पोचतो, आणि बिनवेष्टनाच्या तंतूवरची आग माणसाच्या चालीने येते. दाराच्या उंबऱ्याला करंगळी आपटली की आधी झणका येतो आणि क्षणभराने ठणका, त्याचं कारण हेच. तंतूंच्या जाडीनुसार वेग आणि काम बदलतं हे दाखवणाऱ्या अर्लँगर आणि गॅसर यांना १९४४ चं नोबेल मिळालं.

पण बाईंच्या बाबतीत वेगापेक्षा वाट महत्त्वाची. स्पर्शाचे जाड आणि वेदनेचे बारीक, दोन्ही तंतू हातातून एकाच नसेत बांधलेले येतात, मज्जारज्जूच्या दाराशी एकत्रच पोचतात आणि तिथे फाटा फुटतो. स्पर्शाचा जाड तंतू आत शिरून त्याच बाजूने, मज्जारज्जूच्या मागच्या भागातून, कुठेही न थांबता सरळ वर जातो. पार मेंदूच्या देठात, लंबमज्जेत, पोचल्यावर पहिली बदली होते आणि पुढचा तंतू तिथे बाजू बदलतो. वेदनेचा आणि तापमानाचा तंतू आत शिरल्याबरोबर थांबतो. मज्जारज्जूच्या आतल्या करड्या भागाच्या मागच्या टोकाला, म्हणजे मागच्या शिंगात, तो संदेश दुसऱ्या पेशीला देतो आणि त्या पेशीचा तंतू तिथल्या तिथेच, एक-दोन खंडांच्या आत, मज्जारज्जूच्या मधोमध आडवा जाऊन पलीकडच्या बाजूला लागतो आणि मग वर चढतो. दोन्ही वाटा पुढे थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या केंद्रात पोचतात, तिथून मेंदूच्या पृष्ठभागावर. मेंदूला दोन्हीतलं काही चुकलेलं नसतं, पण मधल्या सगळ्या प्रवासात ती दोन वेगळ्या रस्त्यांवर असतात.

आता मज्जारज्जूच्या अगदी मध्यभागी, मानेच्या पातळीवर, काही बिघडलं तर? हातांकडून येऊन मधोमध आडवे जाणारे तंतू तेवढे तुटतील. डावीकडून उजवीकडे जाणारे आणि उजवीकडून डावीकडे जाणारे, दोन्ही, कारण पूल एकच. मागच्या भागातून सरळ जाणारा स्पर्श वाचेल. पायांकडून आलेली वेदना खालीच पलीकडे जाऊन कडेच्या रस्त्याला लागलेली असते, तीही वाचेल. उरेल नेमका पदर.

मग महारोगाची शंका खोटी का? एवढ्याने ती खोटी ठरत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. कुष्ठरोगाचे जंतू नसांच्या वेष्टनातल्या पेशींत घर करतात आणि तिथेही बऱ्याचदा गरम-थंड आधी जातं, स्पर्श नंतर. त्यातून बाईंच्या डाव्या पंजाचे स्नायू झिजलेले, अंगठ्यालगतचा उंचवटा सपाट आणि करंगळी-अनामिका किंचित वाकलेल्या. गल्लीतल्या बायांनी बोटं बघून जे ठरवलं ते अगदी अडाणीपणाचं नव्हतं. १८८३ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या मोर्वां नावाच्या गावाकडच्या डॉक्टरने न दुखणाऱ्या, पिकणाऱ्या बोटांचे रुग्ण नोंदवले, तेव्हा ते कुष्ठरोगीच आहेत असं मोठमोठ्या लोकांनी हिरिरीने मांडलं होतं.

फरक करायला चार गोष्टी हाताशी होत्या. अंगावर एकही चट्टा नाही. कोपरामागची, कानाखालच्या मानेवरची नस चाचपली, जाड नाही. हातोडीने ठोकल्यावर दोन्ही हातांचे झटके गायब आणि गुडघ्याचे मात्र नको तितके जोरात. कुष्ठरोगात झटके सहसा टिकून राहतात आणि गुडघे असे कधी उसळत नाहीत. चौथी गोष्ट बाईंनीच सांगितली, तीही बोलता बोलता.

"ठेचा केला तरी हाताला झोंबत न्हाई आता. पयले रातभर आग व्हायची. मनगट लाल व्हतं तेवढं."

मी खुर्चीत पुढे सरकलो. मिरचीतलं कॅप्सायसिन ज्या रेणूला जाऊन चिकटतं तो म्हणजे टीआरपीव्ही-१. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने तो १९९७ मध्ये शोधून काढला आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा आहे. हाच रेणू सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या पुढच्या उष्णतेनेही उघडतो, म्हणून तर मिरची "आग" वाटते. मज्जातंतूच्या दृष्टीने मिरची आणि विस्तव यांत फरक नाही. तर हे टोक चेतलं की संदेश वर तर जातोच, शिवाय त्याच तंतूच्या शेजारच्या फांदीतून उलट कातडीकडेही जातो. तिथे काही द्रव्यं सुटतात, रक्तवाहिन्या फुलतात आणि आजूबाजूची कातडी लाल होते. या लाल होण्याला मज्जारज्जूची गरज नाही, फक्त कातडीपासून मणक्यालगतच्या गाठीपर्यंतचा तंतू जिवंत पाहिजे. कुष्ठरोगात मेलेला असतो तो हाच तंतू. बाईंचं मनगट लाल होत होतं. म्हणजे हातातली तार शाबूत होती आणि तुटलेलं ठिकाण आत, मज्जारज्जूत होतं.

लातूरला नसांची विद्युत तपासणी करून घेतली, तीही हेच बोलली : हाताच्या संवेदी नसांचे संदेश पूर्ण उंचीचे. त्या पेशींची गाठ मज्जारज्जूच्या बाहेर असते, म्हणून आत कितीही पडझड झाली तरी बाहेरचा तंतू सुकत नाही.

एक प्रश्न मला त्या रात्री छळत राहिला. चटका बसल्यावर हात मागे घेणं हे मेंदूचं कामच नाही. मज्जारज्जू ते त्याच बाजूला, त्याच पातळीवर परस्पर उरकतो आणि दुखल्याची बातमी मेंदूला नंतर लागते. मधला पूल पडला तरी ही प्रतिक्रिया टिकायला हवी. मग डावा हात तव्यावरून उठला का नाही? याचा अर्थ बिघाड मधोमध थांबलेला नव्हता. डावीकडच्या मागच्या शिंगात, जिथे वेदनेचा पहिला तंतू थांबतो, आणि पुढच्या शिंगात, जिथून स्नायूंना हुकूम सुटतो, तिथेही तो पसरलेला असणार. झिजलेला पंजा आणि गेलेले झटके याच्याशी जुळत होते.

तपासणीच्या शेवटी, सवयीने, डोकं दुखतं का विचारलं. दुखतं, पण कधी? खोकलं, शिंकलं, किंवा पाण्याची घागर उचलताना जोर लावला की मानेच्या वर, डोक्याच्या मागे कळ. आठेक वर्षांपासून. कुणी विचारलंच नव्हतं.

एमआरआयचं चित्र बघायला डॉक्टर असण्याची गरज नव्हती. मज्जारज्जू करड्या रंगाच्या दोरखंडासारखा दिसायला हवा. बाईंचा मानेच्या चौथ्या मणक्यापासून छातीच्या तिसऱ्यापर्यंत आतून पोकळ होता, पाण्याने भरलेला. चित्र खिडकीच्या उजेडात धरून सासूला दाखवलं तर ती म्हणाली, "ही तर फुकणी!" या आजाराचं नाव सिरिंगोमायेलिया, आणि त्यातला सिरिंक्स हा ग्रीक शब्द म्हणजे नळी, पावा. ऑलिव्हिए या फ्रेंच डॉक्टराने १८२७ मध्ये हे नाव दिलं. चुलीशी आयुष्य काढलेल्या आजींनी ते स्वतंत्रपणे दिलं.

पोकळी कशामुळे? चित्रात वरच्या टोकाला उत्तर होतं. लहान मेंदूची खालची टोकं कवटीच्या तळाच्या भोकातून अकरा मिलिमीटर खाली मानेत उतरलेली. पाचच्या पुढे गेलं की त्याला कियारी विकृती म्हणतात; हान्स कियारी यांनी १८९१ मध्ये तिचं वर्णन केलं. मेंदूभोवतीचं पाणी दर ठोक्याला या भोकातून खाली-वर होत असतं. बूच बसलं की त्याची ये-जा अडते, दाब मज्जारज्जूवर येतो आणि वर्षानुवर्षांत आत पाणी साचून पोकळी वाढत जाते. खोकल्यावर येणारी कळही त्याच बुचामुळे.

सोलापूरला शस्त्रक्रिया झाली. कवटीच्या तळाशी मागचं थोडं हाड आणि पहिल्या मणक्याची मागची कमान काढून जागा मोकळी केली, आवरण रुंद करून शिवलं. योजनेत बसलं, पण रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळवण्यात तीन आठवडे गेले. त्याबद्दल लिहायला लागलो तर हा लेख भलतीकडे जाईल.

शस्त्रक्रियेआधी बाईंना आणि घरच्यांना एक गोष्ट तीनदा सांगितली : हे पुढे वाढू नये म्हणून आहे, गेलेलं परत येईल असा शब्द देता येत नाही. वर्षभरानंतरच्या एमआरआयमध्ये फुकणीची पेन्सिलच्या शिशाइतकी रेघ झाली होती. डोकेदुखी गेली. उजव्या हाताला कोपराखाली टोचलेलं आता कळतं. डाव्या पंजाला नाही, आणि झिजलेले स्नायूही भरून आले नाहीत. पण विळा धरता येतो.

एक तक्रार मात्र शस्त्रक्रियेनंतर जास्त स्पष्टपणे बाहेर आली, बहुधा आपलं ऐकून घेतात असा विश्वास बसल्यामुळे. डावा खांदा आणि दंड आतून जळतो, रात्री जास्त. ज्या भागाला विस्तव कळत नाही तोच भाग जळतो, हे सांगायला त्यांना लाज वाटत होती. लोक सोंग म्हणतील असं वाटायचं. पण हे सोंग नाही. खांद्यात काही होत नसतं. खालून येणारा संदेश तुटल्यावर वाटेतल्या वरच्या पेशी आपल्या आपण चेततात आणि मेंदू त्याला नकाशावरच्या नेहमीच्या जागी, म्हणजे खांद्यावर, मांडतो. साध्या दुखण्याच्या गोळ्यांनी हे हटत नाही. नसांच्या वेदनेची गोळी कमी मात्रेत सुरू केली, आता झोप लागते.

राहिला रोजचा प्रश्न, तवा आणि अंघोळीचं पाणी. भाकरी फिरवायला उलथनं वापरायचं, हे दोन दिवसांत बसलं. बाईंची कुरकुर एवढीच की उलथन्याने भाकरीला ओरखडा जातो. पाण्यासाठी मी म्हणालो, हाताने बघू नका, कोपरानेही नको, तुमचे पाय सगळं नीट सांगतात, पायाने बघा. सासू गप्प झाली. मग म्हणाली, "लेकराच्या पाण्याला पाय लावायचा? अंघोळीच्या?"

तोडगा बाईंनीच काढला आणि मला पुढच्या फेरीला सांगितला. बादलीत पाय घालायचा नाही. तांब्याभर पाणी घ्यायचं, आधी आपल्या पायावर ओतायचं, मग लेकराला. सासूला तो चालला, कारण त्यात लेकराच्या आधी आपण पाय धुतल्यासारखं होतं.

लेकरू आता तीन वर्षांचं आहे. आपल्या पायावर पाणी घेतल्याशिवाय अंघोळीला बसत नाही.